मोटारीतला आवाज आणि स्पीकरची जागा

मोटारीत बसून आकाशवाणीवरचे बाजारभाव ऐकताना नेमका आकडा निसटला, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. भाव आठ म्हणाला की साठ? निवेदक तर स्वच्छ बोलत असतो. आवाजही काही लहान नसतो. दरवाजा थरथरावा इतका असतो. मग आपण बटण आणखी फिरवतो. थरथर वाढते, शब्द मात्र होता तेवढाच पुसट राहतो. पुढे कोणीतरी सांगतो, "साहेब, मोठे स्पीकर टाका." मोठे स्पीकर येतात, चारपाच हजार रुपये जातात, आणि आठ-साठचा घोळ होता तसाच राहतो.

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रातले मला कळते ते जिज्ञासेपुरते. पण माझे कान शब्दावर असतात, आणि मोटारीत शब्द कुठे हरवतो हे पाहू लागल्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात आली. आवाजाचा चांगलेपणा स्पीकरच्या आकारावर आणि किमतीवर जितका अवलंबून असतो, त्याहून कितीतरी अधिक तो स्पीकरच्या जागेवर असतो. स्पीकर कानापासून किती दूर, त्याचे तोंड कुठे, आणि त्याच्या पाठीमागे काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. पैशाचा प्रश्न नंतर.

आता 'आठ' आणि 'साठ' हे दोनच शब्द घ्या. दोघांत फरक आहे तो एका 'स'चा. 'आ' हा स्वर भरदार, खालच्या कंपनांचा. 'स' म्हणजे नुसती दातांतून निघणारी हवा. त्याचा जोर सेकंदाला चार हजार कंपनांच्या वरच्या भागात असतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. म्हणून सेकंदाला १०० कंपने असलेल्या ढोलाच्या नादाची एक लहर ३.४ मीटर लांबीची होते. अख्ख्या मोटारीच्या बैठकीहून लांब. उलट १०,००० कंपनांची लहर भरते ३.४ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी. इथेच सगळी गोम आहे. लांब लहर वाटेतल्या वस्तूला वळसा घालून जाते. सीट, गुडघा, पिशवी, तिला कशाचीच पर्वा नसते. आखूड लहर बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते आणि आडवे काही आले की तिथेच अडकते. त्यातही जाड कापडाच्या सीटा तिला पिऊन टाकतात.

बहुतेक मोटारींत पुढचे स्पीकर दाराच्या खालच्या अंगाला असतात. त्यांचे तोंड असते समोरच्या माणसाच्या पोटरीकडे. सहा इंची स्पीकरच्या पडद्यापेक्षा लहर आखूड झाली, म्हणजे सुमारे दोन-सव्वादोन हजार कंपनांच्या वर गेली, की तो आवाज चहूकडे न पसरता समोर झोतासारखा जाऊ लागतो. परिणाम असा, की ढोलक कानाला मिळते आणि 'स', 'श', 'च' जातात गुडघ्याला. गुडघ्याला काही मराठी कळत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर, ज्याला दुकानात ट्वीटर म्हणतात, तो वर बसवावा. बाहेरच्या आरशाच्या आतल्या अंगाला दाराच्या कोपऱ्यात एक तिकोनी जागा असते, किंवा समोरच्या काचेला लागून असलेला खांब असतो, तिथे. (ज्या खांबात अपघाताच्या वेळी फुगणारी एअरबॅग असते त्याला मात्र हात लावू नये, तिथे स्क्रू मारणे हा धोक्याचा उद्योग आहे.) ट्वीटरचे तोंड दोन्ही सीटांच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर रोखावे. थेट आपल्या जवळच्या कानावर रोखला तर तोच एक स्पीकर बोलतो आहे असे वाटते आणि थोड्याच वेळात तो बोचू लागतो.

पाठीमागच्या बाजूची गोष्ट याहून गमतीची आहे, आणि शिक्षकांना ती वर्गात दाखवता येईल. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून एक लहर निघते, मागून तिच्या बरोबर उलटी. या दोघी कडेवरून वळून एकमेकींना भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. वळायची कला लांब लहरीलाच येते, म्हणून नुकसान होते ते खालच्या भरदार आवाजाचे. जुन्या रेडिओतला एखादा स्पीकर तारांसकट खोक्याबाहेर काढा आणि चालू करा. आवाज किनरा, डबा वाजल्यासारखा येईल. आता दोनतीन फुटी जाड पुठ्ठा घ्या, मधोमध स्पीकरच्या तोंडाएवढे भोक पाडा आणि स्पीकर त्याच्यामागे घट्ट दाबून धरा. क्षणात निवेदकाच्या आवाजाला छाती फुटल्यासारखी वाटेल. वीज तीच, स्पीकर तोच. बदलले इतकेच, की पुढच्या आणि मागच्या हवेत एक भिंत आली. मुले हा प्रयोग पाहून हमखास "पुन्हा, सर" म्हणतात.

मोटारीच्या दाराचे काम या पुठ्ठ्याचे. पण दाराचा आतला पत्रा चाळणीसारखा असतो. काच वरखाली करणाऱ्या यंत्रासाठी त्याला मोठमोठी भोके ठेवलेली असतात. मेकॅनिकने वरचे प्लास्टिक फाडून फेकून दिले असेल तर त्या भोकांतून मागची लहर आत येते आणि पुढचीला गिळते. म्हणून ही भोके चिकट बिटुमेनच्या शीटने बंद करावीत, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावावी, आणि चारही स्क्रू घट्ट आवळावेत. पत्रा आणि स्पीकर यांच्यातली नखाएवढी फट पाच हजारांच्या स्पीकरला पाचशेचा करते.

एक मात्र सांभाळा. दाराच्या अगदी तळाशी बारीक भोके असतात, ती बुजवू नका. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या पोटातून तिथे निथळते. आमच्याकडे कोल्हापुरात आणि त्याहून वर राधानगरी-गगनबावड्याकडे पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. ती भोके बंद झाली तर दाराची घागर होते. पत्रा सडतो आणि स्पीकरचा कागदी पडदा भिजून जातो.

उलटसुलट लहरींचा आणखी एक घोटाळा निव्वळ तारांमुळे होतो. प्रत्येक स्पीकरला एक धन आणि एक ऋण असे दोन टोक असतात. एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर उजवा पडदा पुढे येतो तेव्हा डावा मागे जातो. दोन्ही बाजूंनी आवाज येतो, पण ढोलाचा दणका गायब, आणि गाणारा माणूस समोर न दिसता डोक्याभोवती कुठेतरी तरंगतो आहे असे वाटते. हे तपासायला दीड व्होल्टचा टॉर्चचा एक सेल पुरे. मोठ्या स्पीकरच्या तारा सेटपासून सोडवा आणि सेलला क्षणभर टेकवा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले असेल तर पडदा टक्कन बाहेर येईल. आत गेला तर तारा उलट आहेत. सेल टेकवून लगेच काढायचा, आणि ट्वीटरवर हा प्रयोग करायचा नाही. माझा असा समज झाला आहे, की "गाडीतला आवाज बसला" म्हणणाऱ्या लोकांपैकी निदान काहींचे काम या एका सेलने होईल. पण दुकानात स्वस्त उपाय सांगणारा माणूस सहसा भेटत नाही.

आता अंतराकडे येऊ. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. साधारण मोटारीत त्याच्या कानापासून उजव्या दारातला स्पीकर समजा ८० सेंटिमीटरवर असेल, तर डाव्या दारातला १४० सेंटिमीटरवर असतो. फरक ६० सेंटिमीटरचा. एवढे अंतर तोडायला आवाजाला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पावणेदोन पट वेळ लागतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडते? कानाला हा वेळ पुष्कळ आहे. आवाज एका कानाशी आधी आणि दुसऱ्याशी नंतर पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो, आणि तो फरक जास्तीत जास्त हजाराव्या भागाच्या पाऊणपटीएवढाही नसतो. जो आवाज आधी आला त्याच्याच दिशेला मेंदू सगळा आवाज नेऊन ठेवतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली आपल्या प्रबंधात याचा अभ्यास मांडला. नंतर येणारा तोच आवाज सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाच्या आत आला तर तो वेगळा ऐकूच येत नाही, पहिल्यात मिसळून जातो. म्हणून चालकाला सगळी मैफल उजव्या दारात बसलेली वाटते.

शिवाय दोन्ही स्पीकर एकच शब्द बोलत असले, तर साठ सेंटिमीटरच्या फरकामुळे सेकंदाला सुमारे २८० कंपनांच्या आसपासचा आवाज नेमका उलटा पडून खाल्ला जातो. पुरुषी आवाजाचा भरणा इथेच असतो. निवेदक सर्दी झाल्यासारखा वाटतो तो यामुळे.

हा फरक घटवण्याची जुनी युक्ती म्हणजे स्पीकर जितका पुढे नेता येईल तितका नेणे. दाराच्या पुढे, पायांच्या बाजूला जो कोपरा असतो तिथे. दोन्ही स्पीकर लांब गेले की दोन अंतरांतला फरक आपोआप कमी होतो. चालकाचा पाय ब्रेकवर मोकळा फिरला पाहिजे, ही अट अर्थातच पहिली. अलीकडच्या पुष्कळ सेटांत जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय असते. टेप घ्या, कानापासून प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजा आणि ते सेटमध्ये भरा. पाच मिनिटांचे काम आहे. मात्र एका सीटसाठी जुळवलेला आवाज शेजारच्या सीटला बिघडतो. घरच्यांना घेऊन जाताना हे विसरू नये.

शाळेच्या पटांगणावरही हाच नियम चालतो, म्हणून शिक्षकमंडळींसाठी दोन शब्द. पंधरा ऑगस्टला एक कर्णा व्यासपीठाजवळ आणि दुसरा मैदानाच्या पार टोकाला बांधतात. तुमच्यापासून एकाचे अंतर दुसऱ्यापेक्षा ३४ मीटरने जास्त असेल, तर त्याचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने मागून येतो आणि पुढच्या अक्षरावर आपटतो. भाषण चांगले असून कोणाला कळत नाही. दोन्ही कर्णे व्यासपीठाशीच उंचावर, तोंडे थोडी फाकवून बांधा.

ही अंतरांची कसरत चांगल्या सभागृहात करावी लागत नाही. कोल्हापूरकरांना केशवराव भोसले नाट्यगृहाचा दाखला दिला की पुरे. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर या नावाने उभारलेले हे नाट्यगृह १९१५ सालचे. संगीत नाटकाच्या त्या काळात मायक्रोफोन नव्हता; नटाने पद म्हणायचे आणि शेवटच्या रांगेने ते ऐकायचे, हा हिशेब इमारतीतच धरलेला होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले ते उगीच नव्हे. मोटार म्हणजे या सभागृहाच्या बरोबर उलट प्रकार. तीन बाजूंना काच, त्यावरून आवाज आपटतो. खाली सीटा, त्या तो पितात. आणि श्रोता मधोमध बसायचे सोडून एका कोपऱ्यात. बैठकीची लांबी अडीच मीटर धरली, तर सेकंदाला ६८ कंपनांचा नाद पुढच्या आणि मागच्या टोकाला घुमतो आणि मध्ये दबतो. मागच्या सीटवरचा मुलगा "बंद करा" म्हणतो आणि पुढे वडिलांना "काहीच दणका नाही" असे वाटते. दोघेही खरे बोलत असतात.

मोटारीत हे असे झाले, कारण स्पीकर तिथे मागाहून आला. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने १९३० साली मोटारीसाठीचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. तेव्हापासून जिथे रिकामी जागा तिथे स्पीकर, हीच चाल पडली. आपल्याकडच्या अँबॅसॅडरसारख्या गाड्यांत मागच्या काचेखालची फळी रिकामी दिसे, म्हणून स्पीकर तिथे. गवई पाठीमागे बसवून गाणे ऐकायची ही रीत मला कधी समजली नाही. आवाज मागून येतो, आणि सुटे खोके ठेवले असेल तर जोराचा ब्रेक लागल्यावर तेही मागून येते. मागचे स्पीकर मागच्या माणसांसाठी असावेत आणि पुढच्यांपेक्षा हळू वाजावेत. आधी मोटारीची बैठक मोजावी आणि मग तिच्यासाठी स्पीकर रचावेत, हा विचार मोठ्या प्रमाणावर अमलात आणणाऱ्यांत अमर बोस यांचे नाव घेतात. वडील बंगाली, मुलगा अमेरिकेतल्या एम.आय.टी.चा प्राध्यापक. १९८३ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक सेव्हिल गाडीत त्यांच्या कंपनीचे स्पीकर कारखान्यातच बसून आले.

वॅटचा बाजार मात्र अजून जोरात आहे. खोक्यावर हजाराहजाराचे 'पी.एम.पी.ओ.' आकडे छापलेले असतात. ते वाचून सोडून द्यावेत. आकडा पाहायचा तो 'आर.एम.एस.'चा. हिशेब मुलांनाही करता येईल. इंजिन चालू असताना मोटारीचा दाब साधारण १४.४ व्होल्ट. त्याचा वर्ग २०७. शुद्ध लहरीसाठी त्याचे निम्मे, १०४. साध्या स्पीकरचा रोध ४ ओहम, त्याने भागले की आले २६ वॅट. वेगळा अँप्लिफायर नसलेला सेट एका स्पीकरला याहून जास्त शुद्ध आवाज देऊ शकत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेले असो. आणि वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. याउलट उघड्या जागेत दोन मीटरवरचा स्पीकर अर्ध्या मीटरवर आणला, तर तेवढ्याच आवाजाला सोळावा हिस्सा वीज पुरते. जागा बदलण्याएवढा स्वस्त अँप्लिफायर अजून निघालेला नाही.

हे सगळे मी ज्यांच्यासाठी मुख्यतः लिहितो आहे ते आमच्या रस्त्यावरचे ऊसवाहतुकीचे चालक. गळीत हंगाम सुरू झाला, की कळंब्यात रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या गारगोटी रस्त्याने येणारा ट्रॅक्टर अर्ध्या मैलावरून ओळखता येतो, तो इंजिनाने नव्हे, गाण्याने. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या आणि छताला चार मोठे स्पीकर. रात्रभर जागायचे, झोप येऊ द्यायची नाही; गाणे लावू नको असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? पण स्पीकर छतावर, तोंडे रस्त्याकडे. गाणे गावाला जाते आणि चालकापर्यंत येतो तो उरलासुरला भाग. इंजिनाच्या घरघरीवर तो चढवायचा तर बटण शेवटपर्यंत फिरवावे लागते.

याची किंमत दोन ठिकाणी द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, पण ९० डेसिबलला ही मुदत आठवड्याला फक्त ४ तासांवर येते. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर नुसते इंजिनच नव्वदीच्या आसपास जाऊ शकते; त्याच्या वरचे गाणे म्हणजे एका रात्रीत आठवड्याचा शिधा संपला. कानातल्या ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी आवाज टिपतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या वरच्या आवाजाच्या. म्हणजे पुन्हा 'स'. मग त्याला सगळेच पुसट वाटते, तो आवाज आणखी वाढवतो. दुसरी किंमत म्हणजे मागून येणाऱ्या एस.टी.चा हॉर्न ऐकू न येणे. मोठा आवाज आपल्याजवळच्या कंपनांचे आणि त्यांच्या वरचे लहान आवाज झाकून टाकतो, आणि पन्नास पावलांवरचा हॉर्न कानापाशी लहानच असतो.

(मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपण सातारा-सांगली-कोल्हापूरकडे 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. नावाचे नशीब असते ते असे.)

ट्रॅक्टरवर चार मोठ्यांऐवजी एकच लहान स्पीकर बसवा. बंद खोक्यातला, चारपाच इंची. छताच्या आतल्या अंगाला, पुढच्या बाजूला, चालकाच्या चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर, तोंड थेट त्याच्याकडे. ढोलाचा दणका कमी मिळेल, पण शब्द मिळेल. हेडफोन मात्र नको. दोन्ही कान रस्त्याला मोकळे हवेत. मग ट्रॅक्टर उभा असताना इंजिन चालू करा, गाणे लावा, आणि कोणालातरी पन्नास पावले मागे उभ्या केलेल्या गाडीचा हॉर्न वाजवायला सांगा. चालकाने मान वळवली नाही तर आवाज कमी करा आणि पुन्हा वाजवा. ज्या ठिकाणी तो पहिल्याच हॉर्नला वळेल, तिथे बटणावर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवा. सेटवर आकडा दिसत असेल तर तो खडूने छताला लिहा, म्हणजे रात्रपाळीला दुसरा चालक बसला तरी त्याला कळेल.